आधी रेघ, मग अक्षर

जगतपुरा, जयपूर
६ ऑगस्ट २०२५

‘चिनी शिकवण्यापेक्षा पोरीने लोकांची धुणीभांडी केली असती तरी चालले असते’ हे वाक्य तुम्ही शुद्धीवर असताना लिहिलंत का, ते आधी कळवा. धुणीभांडी मी केलीत, भाऊजी. तुमच्याच घरात, अकरा वर्षं. तेव्हा कुणाच्या नाकाला मिरची झोंबली नव्हती.

आता नमस्कार. आप्पासाहेब भाऊजींना मालनचा नमस्कार. फोन केला असता, पण तुम्ही कानातलं मशीन काढून टेबलावर ठेवता आणि नुसतं ‘हां हां’ करता. म्हणून कागद. माझं शिक्षण तिसरी नापास, तेव्हा चुका काढत बसू नका. मुद्दा वाचा.

तुम्हाला कुणी काय भरवलं ते मला माहीत नाही. आपली नात ऋचा शाळेत शिकवते. नववीच्या वर्गात, एकोणीस पोरं. चिनी भाषेचं पहिलंच वर्ष, म्हणजे आपल्याकडच्या बालवाडीसारखं. ‘माझं नाव अमुक, आमच्या घरात चार माणसं, मला चहा आवडतो.’ यात देशद्रोह कुठं आहे ते मला दाखवा. इथं जौहरी बाजारात खडे घासणाऱ्यांचा माल तिकडं जातो, तिकडून कागद येतात आणि बापांना ते उभे धरायचे की आडवे हेसुद्धा कळत नाही. म्हणून बापच म्हणाले, पोरांना शिकवा. धंदा त्यांचा, पोरं त्यांची. कळ तुमच्या पोटात का?

मलाही आधी पटलं नव्हतं, ते सांगते. शनिवारी पाचसहा पोरं आमच्या फ्लॅटवर सराव करायला येतात. पहिल्या दिवशी बघते तर सगळी हात वर करतायत, खाली आणतायत, परत वर. मी म्हटलं माश्या हाकलतायत, म्हणून पंखा लावला. तर म्हणे आवाज वर न्यायचा की खाली ते हातानं दाखवायचं असतं. मग वही बघितली. चौकोनाचौकोनांची. एका चौकोनात एक अक्षर, आणि त्यातली कुठली रेघ आधी, कुठली नंतर, ते ठरलेलं. वरची आधी, खालची मग. चौकट असली तर तीन बाजू काढायच्या, आतलं भरायचं आणि मग खालची रेघ काढून चौकट बंद करायची. ऋचा पोरांना सांगते, ‘पहले सबको घर में आने दो, फिर दरवाज़ा बंद करो.’ मला ते आवडलं. ज्या भाषेत दार लावायच्या आधी सगळे आत आलेत का ते बघतात, ती काही अगदीच वाईट नसावी.

आणि तुम्हाला तर हे कळायला हवं होतं. आख्ख्या तालुक्यात फूटपट्टी ठेवून पानभर रेघ आधी मारणारे आणि मग तिला अक्षरं टांगणारे तुम्ही एकटेच. तुमचं पत्र म्हणजे दोरीवर वाळत घातलेलं धुणं. ऋचाला सांगितलं तर ती म्हणाली, आज्जी, मला बघायचंय. पण त्यात तिच्याबद्दल जे लिहिलंत ते तिला दाखवण्यासारखं नव्हतं.

राहिलं विट्याचं स्थळ. त्यांना चिनी शिकवणारी सून नको असेल तर त्यांनी नको म्हणावं. मी पोरीला विचारलं होतं, तीही नकोच म्हणाली. फिटंफाट.

खोटं वाटत असेल तर शाळेचं कार्ड पाकिटात घातलंय. त्यावर पत्ता आहे. मोठ्या बाईंचं नाव कीर्ती मॅडम. लिहा त्यांना आणि विचारा आमची पोर कशी आहे ते. मग मला तोंड दाखवा.

मालन


कराड
१९ ऑगस्ट २०२५

तीर्थस्वरूप मालनवहिनी यांस,
आप्पासाहेबाचा शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपले ता. ६ चे पत्र पोचले. भाषा तिखट आहे, परंतु वडीलकीचा मान ठेवून ती मी मनावर घेत नाही.

प्रथम रेघेविषयी. मी सदतीस वर्षे तलाठी होतो. कचेरीतील जुन्या मोडी जाणणाऱ्या कारकुनाने मला हात धरून शिकवले, की रेघ आधी मारली की ओळ वाकत नाही. त्यास आपण धुणे म्हणता. असो.

आता मुख्य विषय. आपल्या घरात दादांपासून पलटणीची नोकरी आहे. आज आपला मुलगा संग्राम सुभेदार म्हणून वर बर्फात उभा आहे, तो कुणाकडे तोंड करून उभा आहे हे मी आपणास सांगावयास नको. पाच वर्षांपूर्वी तिकडे काय घडले ते सर्व देशाने पाहिले. त्या माणसाच्या मुलीने त्यांचीच भाषा पोरांना शिकवावी, हे गावात मी कोणत्या तोंडाने सांगू? पारावर विचारतात. विट्याच्या मंडळींना मी चारचौघांत शब्द दिला आहे. मुलगी ती नोकरी सोडेल, असा तो शब्द आहे. ते अजून थांबले आहेत. नको म्हणालेले नाहीत.

ऋचाची आई गेल्यापासून आपण तिचे केलेत, हे मी नाकारत नाही. परंतु चुलत आजोबा या नात्याने मलाही काही कर्तव्य आहे. मुलगी ऐकत नसेल तर कधी कधी बाहेरून काही घडावे लागते, आणि त्यातच तिचे हित असते.

शाळेतून काही विचारणा झाली आहे काय? झाल्यास कळवावे.

आपला नम्र,
आप्पासाहेब


जगतपुरा, जयपूर
३ सप्टेंबर २०२५

कुणा हरामखोरानं शाळेत निनावी अर्ज टाकलाय. हात झडोत त्याचे.

नमस्कार वगैरे सगळं समजा. २८ तारखेला कीर्ती मॅडमनी ऋचाला खोलीत बोलावलं आणि एक हिंदी पत्र वाचून दाखवलं. ‘जिसका पिता सरहद पर तैनात है, वही लड़की दुश्मन की भाषा हमारे बच्चों को सिखा रही है। घर में फ़ौज की बातें होती होंगी। जाँच की जाए।’ आणि खाली नाव काय, तर ‘एक जागरूक नागरिक’. जागरूक म्हणे. जागा असता तर नाव लिहिलं असतं.

मॅडम वाईट नाहीत, पण भित्र्या आहेत. शाळेच्या कमिटीनं वर्ग थांबवलाय. ६ ऑक्टोबरला बसून ठरवणार, चालू ठेवायचा की कायमचा बंद. बंद झाला तर पोरीची नोकरी गेली, कारण तिला दुसरं काही शिकवायला घेतलेलंच नाही. घरीसुद्धा शिकवू नका म्हणून सांगितलंय. पोर घरी आली आणि कपडे न बदलता तास-दीड तास कपाट आवरत बसली. रडली असती तर मी दोन शब्द बोलले तरी असते.

शनिवारी खंडेलवालांची पोर आली होती. वर आली नाही, खाली गेटपाशीच उभी राहिली. मी गॅलरीत. वही डोक्यावर धरून मला दाखवते, ‘दादीजी, मैडम को बोलना, मैंने पूरा पन्ना लिख लिया.’ मी म्हटलं, ‘ऊपर आ, चाय पी के जा.’ तर म्हणते, ‘मना है, दादीजी.’ आणि तिथंच उभी. चौदा वर्षांची पोर, उन्हात वही डोक्यावर धरून, आणि मला वरून त्यातलं काय दिसणार? तरी मी म्हटलं, ‘अच्छा है, बहुत अच्छा है.’

आता हे केलं कुणी, ते मला कळलंय. खालच्या मजल्यावर जयंतीबाई राहतात, नाशिकच्या. नवरा बँकेत. संग्राम वर बर्फात आहे हे या बिल्डिंगीत मी फक्त त्यांना सांगितलं होतं. आणि ऋचाची नोकरी लागली तेव्हा याच बाई म्हणाल्या होत्या, ‘चायनीज शिकवते? मग नूडल्स कधी खायला घालताय?’ तेव्हाच मी ओळखलं, बाई कुजकी आहे. परवा खाली जाऊन दारात उभं राहून सगळं सुनावलं. दोन मजले बाहेर आले. दुसऱ्या दिवशी माझा डबा परत आला. रिकामा. गणपतीच्या मोदकांचा डबा हो, रिकामा पाठवला! यावरून काय ते समजा.

तुम्ही विचारलं होतं ना, शाळेतून विचारणा झाली का? झाली. आता खूश?

मालन


जगतपुरा, जयपूर
९ सप्टेंबर २०२५

आदरणीय आप्पा आजोबा,
सादर नमस्कार.

माझी मराठी वाचून हसू नका, प्लीज. मी बोलते ठीक पण लिहायची सवय नाही. हिंदीत लिहिणार होते, पण आज्जी नेहमी बोलते की तुम्ही कागदाचे खूप पक्के आहात, म्हणून वाटलं मराठीतच लिहावं.

मला तुमची मदत पाहिजे. शाळेत जो अर्ज आला, त्याची कॉपी मॅडमनी मला दिली, कारण कमिटीला लेखी जवाब द्यायचा आहे. कॉपीची अजून एक कॉपी काढून सोबत पाठवते. तुम्ही इतकी वर्षं सरकारी काम केलं. असे अर्ज तुमच्याकडे पण येत असतील. मतलब, कसं उत्तर द्यायचं असतं? रागात लिहायचं की नम्र लिहायचं?

मला माझ्या नोकरीचं वाईट वाटतं, पण सगळ्यात जास्त भीती बाबांची वाटते. हा कागद कुणी त्यांच्या युनिटला पाठवला तर? माझ्यामुळे त्यांना कुणी उलटसुलट विचारलं तर? गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला तेव्हा मी काही सांगितलं नाही. चिनी शिकायला मला दिल्लीला बाबांनीच पाठवलं होतं. ते म्हणाले होते, समोरचा काय बोलतो ते आपल्यापैकी कुणाला तरी नीट कळायला पाहिजे, नाहीतर आम्ही नुसते एकमेकांकडे बघत उभे. हे कमिटीला लिहू का? की बाबांचं नाव आणूच नको?

माझी मुलं आत्ताच कुठे सोपी वाक्यं जोडायला लागली होती. मध्ये सहा आठवडे गेले तर सगळं विसरतील. सुरुवातीला हात रोज फिरावा लागतो.

आज्जीला हे पत्र आणि ही कॉपी माहीत नाही. ती खालच्या जयंतीकाकूंशी खूप भांडली. मला नाही वाटत काकूंनी केलं. आज्जीच्या हातात कॉपी पडली तर ती पूर्ण बिल्डिंगमध्ये फिरेल. म्हणून तुम्ही पण सांगू नका.

तुमच्या उत्तराची वाट बघते.

तुमची,
ऋचा


कराड
१७ सप्टेंबर २०२५

चि. ऋचा हीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. मराठी चांगली आहे.

निनावी अर्जाविषयी नियम असा असतो, की ज्यावर नाव व पत्ता नाही त्याची दखल घेऊ नये, तो दप्तरी दाखल करावा. मी माझ्या नोकरीत असे कितीतरी बाजूस ठेवले. तुझ्या शाळेने दखल घेतली, हे मला अपेक्षित नव्हते. म्हणजे, इतक्या पुढे जाईल असे कुणासच वाटले नसेल.

तू लेखी उत्तर देऊ नयेस असे माझे मत आहे. वाद वाढतो. शांतपणे राजीनामा देऊन मोकळे व्हावे. विट्याकडील मंडळी चांगली आहेत. अर्ज लिहिणाऱ्याचा हेतू वाईटच असेल असेही धरून चालू नये.

संग्रामविषयी तू लिहिलेस, त्यास यातून काही त्रास होईल असे मला वाटत नाही. ती बाब लिहिणाऱ्याच्या ध्यानात आली नसावी. सोबतची प्रत मी कुलपात ठेवली आहे. तुझ्याकडील प्रत फिरवू नकोस. फाडलीस तरी चालेल.

तुझे शुभ चिंतणारा,
आप्पा आजोबा


जगतपुरा, जयपूर
२४ सप्टेंबर २०२५

फाडलीस तरी चालेल! लाज वाटली नाही हे लिहिताना?

तिनं फाडली नाही. तिच्या फाइलीत वर तुमचं पत्र होतं आणि खाली ती कॉपी. आज सकाळी ती आंघोळीला गेली आणि फाइल माझ्याकडून टेबलावरून पडली. मुद्दाम पाडली म्हणा, मला काय. दोन्ही कागद जमिनीवर शेजारी शेजारी पसरले.

भाऊजी, मला हिंदी वाचायला वेळ लागतो. पण रेघ बघायला वाचता यावं लागत नाही. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ रेघ, दोन शब्दांच्या मधल्या जागेवरूनसुद्धा गेलेली, शब्द संपले तरी पुढं रिकामी धावणारी. आणि तिला टांगलेली अक्षरं. ओळीमागून ओळ, अठरा ओळी. इथं जयपुरात लाखो माणसं हिंदी लिहितात, सगळी शब्द लिहून झाल्यावर त्याच्या डोक्यावर रेघ ओढतात. जयंतीबाईसुद्धा तसंच ओढतात. त्यांचा किराणा मालाचा कागद माझ्याकडे पडलाय, तो काढून बघितला. आख्ख्या जगात अशी रेघ मारणारा तुमचा तो मोडीवाला कारकून होता, तो मेला. उरलं कोण?

ऋचानं ओळखलं नाही. पोर बोट ठेवून एकेक शब्द लावत तुमचं मराठी वाचते, तिला रेघेकडं बघायला फुरसत कुठली? तुमचं पत्र आलं तेव्हा आत काय आहे ते सांगितलं नाही, नुसतं म्हणाली, आज्जी, आप्पा आजोबांचं अक्षर किती सुंदर आहे, माझ्या मुलांना दाखवायला पाहिजे. ऐकलंत? मशीन कानात घाला आणि परत वाचा.

मग मी तुमचं ऑगस्टचं पत्र काढलं. ‘शाळेतून काही विचारणा झाली आहे काय?’ तारीख १९. शाळेत अर्ज पोचला २८ ला. कपाळावर हात मारला मी. ‘बाहेरून काही घडावे लागते’ हेही तिथंच होतं. मी नुसती चिडून वाचत गेले.

आणि पत्ता कुणी दिला? मीच. शाळेचं कार्ड पाकिटात घातलं, कीर्ती मॅडमचं नाव लिहिलं, वर सांगितलं लिहा त्यांना. तुम्ही लिहिलंत. पोर कशी आहे ते विचारायला सांगितलं होतं मी! माझ्याच हातानं माझ्या पोरीच्या नोकरीवर दगड घातला, आणि संशय घेतला कुणावर, तर त्या बिचाऱ्या नाशिकच्या बाईवर. दुपारी गेले खाली. डब्यात दडपे पोहे भरून नेले. दार उघडून त्या म्हणाल्या, ‘आता काय, मावशी?’ मी म्हटलं, ‘माझी चूक झाली. तुम्ही नव्हता.’ त्यांनी विचारलं, ‘मग कोण होतं?’ मी डब्याचं झाकण परत दाबून लावलं. आणि म्हटलं, ‘घरचंच कुणीतरी.’ त्यांनी डबा घेतला आणि पुढं विचारलं नाही. त्यांनी विचारलं नाही याचीच मला जास्त शरम वाटली.

विट्याच्या माणसांना तुम्ही शब्द दिलात. कुणाच्या नावानं? पोरीला न विचारता तिची नोकरी तुम्ही दुसऱ्याच्या ओटीत टाकलीत, आणि ती सोडेना म्हटल्यावर शाळेकडून काढून घ्यायला निघालात. त्यासाठी काय लिहिलंत? ‘घर में फ़ौज की बातें होती होंगी.’ कुणाचं घर ते? माझं. फौजेतला कोण? संग्राम. तुमच्या थोरल्या भावाचा मुलगा. तुमच्या खांद्यावर बसून जत्रा बघितलेला. तो तिथं हाडं गोठवत उभा आहे आणि इथं त्याचा काका त्याच्याच घराची चौकशी करा म्हणून अर्ज करतो. ‘ती बाब लिहिणाऱ्याच्या ध्यानात आली नसावी’ म्हणे. तलाठ्याच्या ध्यानात आली नाही! बांधाची वीतभर जागा तुमच्या ध्यानात राहते.

रेघ आधी मारली की ओळ वाकत नाही, असं शिकवलं होतं ना तुम्हाला? ओळ नाही वाकली. तपासून बघितली मी. बाकी सगळं वाकलं.

ऋचा पोरांना सांगते, आधी सगळ्यांना आत घ्या, मग दार लावा. तुम्ही पोर बाहेर असताना कडी लावलीत.

आता काय करायचं ते सांगते. विनंती नाही ही.

कीर्ती मॅडमना पत्र लिहायचं. तो अर्ज मी लिहिला, त्यात लिहिलेलं माझ्या मनचं होतं, त्याला कुठलाही आधार नाही, तो मी मागं घेतो. खाली पूर्ण नाव, पत्ता, निवृत्त तलाठी, आणि ऋचाचा चुलत आजोबा, हे सगळं. हिंदीतच लिहा, येतंय तुम्हाला. स्पीडपोस्टानं, ६ तारखेच्या आत इथं पोचलं पाहिजे. आणि टाइप करून पाठवलेलं मला चालणार नाही. फूटपट्टी घ्या, तशीच रेघ मारा, म्हणजे मॅडमना दोन कागद शेजारी ठेवल्यावर कुणी वेगळं सांगायला नको.

पत्र आलं नाही तर ६ तारखेला मी स्वतः ऑटो करून शाळेत जाईन आणि दोन्ही कागद कमिटीच्या टेबलावर मांडीन. माझं आडनाव तेच आहे जे तुमचं आहे, त्यामुळं मलाही खाली बघावं लागेल. बघेन. एकोणीस पोरांच्या वह्या अर्ध्यावर पडल्यात, त्यापुढं माझी मान खाली गेली तर गेली.

विट्याला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. त्या शब्दात आम्ही नव्हतो.

संग्रामला मी काही लिहिणार नाही. तो सुट्टीवर आला की त्याच्यासमोर तुम्ही बसायचं.

ऋचाला अजून काही सांगितलेलं नाही. हे पत्र तिला न दाखवता पोस्टात टाकतेय. कॉपी आणि तुमचं पत्र होतं तसं फाइलीत ठेवलंय, फक्त आता वर कॉपी आहे. तिच्या पत्राचा कच्चा कागदही फाइलीत सापडला; तिनं तुम्हाला विश्वासानं विचारलं, रागात लिहू की नम्र लिहू. त्या प्रश्नाचं खरं उत्तर अजून तुम्ही दिलेलं नाही.

मला पत्र लिहू नका. माझ्या नावाचं पाकीट आलं तर न फोडता परत जाईल, त्यावर रेघ कितीही सरळ असो. उत्तर ऋचाला द्यायचं, तुमच्या हातानं, तुमच्या नावानं. त्यावर तुम्हाला काही उत्तर द्यायचं की नाही, ते ती ठरवेल. मध्ये कुणी बोलायचं नाही. मीसुद्धा नाही.

मालन